नवीन जॅकेट घेण्याआधी

नाशिक

चि. मनूस,


तुझं पत्र आणि सोबतची सामानाची यादी मिळाली. डिसेंबरात केदारकंठाला निघते आहेस हे वाचून फार आनंद झाला. साडेबारा हजार फुटांवरचा बर्फ बघायचं तुझं वयच आहे. यादी वाचताना मात्र मन खट्टू झालं. पावसाचं जॅकेट, पिसांचं जॅकेट, आतला थर, मधला थर, वॉटरप्रूफ बूट, बुटात बर्फ शिरू न देणारे गेटर, हातमोज्यांचे दोन जोड. सगळ्याची बेरीज केली तर ट्रेकच्या फीपेक्षा कपडेच महाग पडतात. तुझ्या वर्गातल्या दोघींनी हा आकडा ऐकूनच नावं मागे घेतली असं तू लिहितेस. बाबांचं जुनं जॅकेट घरात आहे, पण चेन गेली आहे आणि पाणी झिरपतं, म्हणून ते टाकून देणार आहात, असंही लिहितेस.

ते टाकू नकोस. या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच : अख्खा कपडा एकाएकी कधी बाद होत नाही, त्याचा एखादा भाग बाद होतो. तो भाग कोणता, हे ओळखायला शिक. पुष्कळदा शे-दोनशे रुपयांत काम भागतं आणि चांगला कपडा आणखी काही वर्षं डोंगर बघतो.

आधी हे कपडे इतके महाग का, ते समजून घे. दुकानात जाऊन घाबरायचं नसेल तर किंमत कशाची आहे हे माहीत हवं. पाणी आत येऊ न देणारं पण घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड हा या सगळ्या धंद्याचा पाया. बॉब गोर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार केली. त्याच्या पातळ पडद्यातूनच पुढे गोर-टेक्स आलं. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जाऊ शकत नाही, वाफ जाऊ शकते. हा पडदा दोन कापडांच्या मध्ये चिकटवायचा, प्रत्येक शिलाईवर आतून पट्टी मारायची, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी येत नाही. हे काम साध्या शिवणकामासारखं झटपट होत नाही, त्याचे पैसे लागतात.

त्यात गेल्या काही वर्षांत रसायनंच बदलावी लागली आहेत. पाणी झटकण्यासाठी कापडावर जो लेप देत, त्यात फ्लोरिनयुक्त रसायनं असायची. ती निसर्गात विरत नाहीत, पाण्यात आणि शरीरात साठत राहतात. म्हणून कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क या राज्यांनी १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदी केली. कंपन्यांना नवे पडदे, नवे लेप शोधावे लागले. बदल योग्यच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याचा खर्च शेवटी किमतीच्या चिठ्ठीवर येतो.

आणि आपल्याकडे कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की थेट १८ टक्के. याआधी हजार रुपयांच्या वरच्या कपड्याला १२ टक्के होता. म्हणजे मूळ सहा हजारांच्या जॅकेटवर आधी ७२० रुपये कर पडायचा, आता १०८० पडतो. थंडीचं नीट जॅकेट अडीच हजारांत क्वचितच बसतं, त्यामुळे ही वाढ नेमकी डोंगरात जाणाऱ्यांच्या खिशातून जाते. बुटांचं उलट झालं आहे. अडीच हजारांच्या आतल्या बुटांवरचा कर ५ टक्क्यांवर आला. ही गोष्ट लक्षात ठेव, सह्याद्रीसाठी बूट घेताना उपयोगी पडेल.

आता बाबांच्या जॅकेटकडे वळू. 'पाणी झिरपतं' हा रोग नाही, लक्षण आहे. त्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात.

पहिलं कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात सोपं आहे. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप मळाने, घामाने आणि पाठपिशवीच्या पट्ट्यांच्या घासण्याने निकामी होतो. मग पावसात बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं. आतला पडदा शाबूत असतो, पण ओल्या कापडामुळे घामाची वाफ बाहेर जाऊ शकत नाही आणि आतल्या आत तिचं पाणी होतं. अंग भिजतं, आपण म्हणतो जॅकेट गळतं. याला उपाय म्हणजे धुणं. पावडरने धुऊ नकोस, तिचा अंश कापडात राहतो आणि तोच पाणी ओढतो. थोडा सौम्य द्रवसाबण घे, कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको, आणि नेहमीपेक्षा दोनदा जास्त खळबळून काढ. सावलीत वाळलं की आतलं लेबल वाच. इस्त्री चालते असं असेल तर वर सुती कापड टाकून अगदी मंद इस्त्री फिरव. ऊब लागली की उरलेला लेप पुन्हा कामाला लागतो. वर पाणी शिंपडून बघ. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर काम झालं. नाही घरंगळले तर लेपाची बाटली बाजारात मिळते, एकटीला महाग वाटेल, चौघींनी मिळून घ्या. नव्या रसायनांचे लेप तेलकटपणाला लवकर हार खातात, म्हणून हल्लीची जॅकेटं जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागतात. 'धुतलं की वॉटरप्रूफ जातं' हा समज डोक्यातून काढून टाक.

दुसरं कारण शिलाईवरची पट्टी सुटणं. जॅकेट उलटं कर आणि खांदे, काख, टोपीची जोडणी बोटाने चाचपून बघ. पट्टी नुसती उचकटली असेल तर कापड ठेवून मंद इस्त्रीने ती बऱ्याचदा परत बसते. तुकडे पडले असतील तर शिलाईवर लावायचं रसायन ट्यूबमध्ये मिळतं. ते बारीक ब्रशने लावायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं.

तिसरं कारण म्हणजे आतला लेपच सोलवटून पापुद्रे निघणं, किंवा हाताला चिकट लागणं. असं असेल तर त्या जॅकेटचं पावसातलं आयुष्य संपलं. त्यावर पैसे घालू नकोस. वारा अडवायला म्हणून ते अजून चालेल, नाहीतर त्याचं चांगलं कापड, बकल, दोऱ्या काढून ठेव.

कोणतं कारण हे कळायला एक साधी परीक्षा आहे. जॅकेटचा एक भाग दोन्ही हातांनी खोलगट धर, त्यात वाटीभर पाणी ओतायला कुणाला तरी सांग आणि थोडा वेळ थांब. खालून थेंब आले नाहीत तर पडदा ठीक आहे, धुण्याने भागेल. शिलाईच्या रेषेतून आले तर पट्टी. सगळीकडून पाझरलं तर तिसरं कारण.

चेन गेली असं तू लिहिलंस, त्याबद्दल तर मी खात्रीने सांगते की चेन गेलेली नसावी. आमच्या इथे मेन रोडच्या पुढे पिशव्या दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांचं काम मी पुष्कळदा जवळून पाहिलं आहे. चेन लावली तरी मागून उघडत जाते, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ते आधी दातांवरून अंगठा फिरवतात. दात सगळे जागेवर असतील तर रनर उलटा करून त्याच्या पाठीवरचा आकडा वाचतात : ३, ५, ८, १०. तो चेनचा माप-क्रमांक. वर्षानुवर्षं घासून रनरचं तोंड आतून फाकतं, दोन्ही बाजूंचे दात पुरेसे दाबले जात नाहीत, म्हणून चेन उघडते. काका पक्कडीने रनरच्या मागच्या दोन कडा, आधी एक आणि मग दुसरी, अगदी अलगद दाबतात. पुष्कळदा तेवढ्यावर चेन सुतासारखी सरळ चालते. नाही चालली तर टोकाचा अडसर काढून जुना रनर ओढून काढतात, डब्यातून त्याच मापाचा आणि त्याच जातीचा नवा रनर शोधतात, दोन्ही बाजू समान धरून त्यात ओवतात आणि शेवटी जाड दोऱ्याचे चार टाके घालून नवा अडसर करतात. चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ. पन्नास-शंभर रुपयांत जॅकेट परत अंगावर.

तुझ्याकडच्या अशा कारागिराकडे जाशील तेव्हा एवढंच सांग की दात मोडले नसतील तर पूर्ण चेन बदलू नका. पावसाच्या जॅकेटला नवी चेन शिवली की सुईची नवी भोकं पडतात. बदलावीच लागली तर जुन्याच भोकांतून शिवायला सांग आणि नंतर आतून शिलाईवरचं ते ट्यूबमधलं रसायन लाव. घरी परतल्यावर चेनच्या दातांवर मेणबत्तीचा तुकडा घास, रनर अडणार नाही. आणि डोंगरातून आल्यावर चेन पाण्याखाली धू. धुळीचे कणच रनरला आतून खातात.

पिसांच्या जॅकेटचा नियम वेगळा. काट्याने किंवा शेकोटीच्या ठिणगीने भोक पडलं तर सुई-दोरा हातात घेऊ नकोस. टाक्याच्या प्रत्येक भोकातून पिसं बाहेर येत राहतात. वरून तुकडा चिकटवायचा. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या तयार चिकटपट्ट्या चांगल्या असतात, पण महाग. मोडक्या छत्रीचं नायलॉनचं कापड आणि कपड्याला चालणारा लवचीक गोंद यांनीही काम होतं. जागा स्पिरिटने पूस, तुकडा भोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठा काप आणि त्याचे कोपरे गोल कर. टोकदार कोपरा पिशवीला घासून उचकटतो, गोल कडेला ती संधी मिळत नाही. वर पुस्तकांचं ओझं ठेवून दिवसभर विसरून जा.

बुटांकडे मात्र जास्त बारकाईने बघ, कारण बूट वाटेत मोडला तर घरी परतणं अवघड होतं. पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचा फेस असतो. हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू आतून कुजतो, बूट वापरला नाही तरी. म्हणून कपाटात जपून ठेवलेले, वरून कोरे दिसणारे बूट पहिल्याच चढावर तळ सोडतात. तळाच्या कडेला नखाने दाबून बघ, बूट वाकवून बघ. भुगा पडला किंवा भेगा दिसल्या तर तो तळ बदलल्याशिवाय केदारकंठाला नेऊ नकोस. फेस ठीक असेल आणि नुसता पुढचा जोड सुटला असेल तर ते आपल्या मोचीकाकांचं काम. चांगला कारागीर जुनं सोल्युशन रापीने आणि काचकागदाने पूर्ण खरवडतो, दोन्ही बाजूंना नवं लावतो, ते जरा सुकेपर्यंत थांबतो, मग जोड दाबून ठोकतो आणि मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने आरीने सगळीकडून शिलाई मारतो. सह्याद्रीत जाणारी मुलं नव्या बुटांनाही अशी शिलाई मारून घेतात, आणि ती शहाणी आहेत. वॉटरप्रूफ बुटात मात्र शिलाई वरच्या कापडाला भोकं पाडते, तिथे नुसत्या सोल्युशनवर भागतंय का ते विचार. दुरुस्तीनंतर बुटांना एक पूर्ण दिवस विश्रांती दे. ओले बूट चुलीजवळ किंवा हीटरसमोर कधी ठेवू नकोस, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळव.

एक मर्यादाही पक्की ध्यानात ठेव. दोर, हार्नेस, हेल्मेट, म्हणजे ज्यावर जीव टांगलेला असतो ती कुठलीही वस्तू गल्लीत शिवून किंवा चिकटवून वापरायची नाही. तिथे शंका आली की वस्तू बाद. काटकसर अंगावरच्या कपड्यांत करायची, जिवाच्या दोरीत नाही.

आता यादीबद्दल. त्यातलं सगळं विकत घ्यायची गरजच नाही. थंडीत अंगालगत सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंग गार पडतं. खेळाचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट चालेल. त्यावर लोकर. आपल्या धनगरांच्या घोंगडीला शतकानुशतकं मान आहे तो उगाच नाही. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब धरून राहते. आजीने विणलेला स्वेटर तुझ्या कपाटात आहे, तो मधला थर म्हणून उत्तम. कोपरं विरली असतील तर रफूवाल्याकडे दे. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी मंडळींचा बाजार भरतो, तिथेही लोकरीचे कपडे परवडतात. सर्वांत वर बाबांचं जॅकेट. पिसांचं जॅकेट आणि गेटर भाड्याने घे. केदारकंठाला चढाई सुरू होते त्या सांकरी गावात आणि ट्रेक नेणाऱ्या संस्थांकडे ते मिळतं. पुढे कधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत कोर्स करायची इच्छा झाली तर तिथे शिकणाऱ्यांना बरंचसं साहित्य संस्थाच वापरायला देते. हातमोजे, पायमोजे आणि टोपी यांत मात्र कंजूषी नको. ते नवे आणि चांगले घे. बोटं गारठली तर बाकी कशाचाच उपयोग नाही.

आणि आपल्या जुलैच्या पावसासाठी महागड्या पडद्याच्या जॅकेटच्या मागे लागू नकोस. घामाची वाफ बाहेर जायला आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक लागतो. थंड कोरड्या हवेत तो भरपूर असतो. हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईवर आषाढात हवाच पाण्याने भरलेली असते, वाफेला जायला जागा नसते. तिथे वीस हजारांचं जॅकेटही तुला आतून ओलं करील. साधं, मोकळं, काखेत हवा खेळेल असं रेनकोट-जॅकेट आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक कोरडा जोड एवढ्यावर भागतं.

दुरुस्तीची ही गोष्ट मोठमोठ्यांनाही पटलेली आहे. पॅटागोनिया ही कंपनी स्थापणारे इव्हॉन शुईनार मुळात कड्यांत ठोकायचे खिळे घडवणारे लोहार. त्यांच्या कंपनीने २५ नोव्हेंबर २०११ रोजी, ऐन खरेदीच्या हंगामात, न्यू यॉर्क टाइम्समध्ये आपल्याच जॅकेटचं चित्र छापून ते विकत घेऊ नका असं सांगितलं आणि असलेलं दुरुस्त करा म्हणून आर्जव केलं. फ्रान्सने २०२३ मध्ये कपडे आणि बूट दुरुस्त करणाऱ्या ग्राहकाला बिलात ६ ते २५ युरोंची सूट द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. त्यात मोबाइल, गाड्या, घरातली उपकरणं, शेतीची अवजारं आहेत. कपडे आणि बूट नाहीत. ते असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलींनी ते मागायला हवं.

पण मनू, फ्रान्सला जे पैसे देऊन टिकवावं लागतं आहे ते आपल्याकडे अजून कोपऱ्याकोपऱ्यावर जिवंत आहे. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छोट्या स्टॉलमध्ये बसणाऱ्या गटई कामगारांना, म्हणजे मोचीकाकांना, राज्य सरकार स्टॉल देतं, तेवढाच त्यांना आधार. बाकी त्यांचं पोट तुझ्या-माझ्या बुटांवर चालतं. आपण तळ सुटला की बूट फेकत गेलो तर हे हात दुसरं काम धरतील, आणि एकदा गेलेली कला योजना काढून परत येत नाही. त्यांच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. दुकानात अठरा टक्के कर आपण मुकाट्याने भरतो. काम नीट झालं तर चार पैसे जास्त दे, नाव विचार, पुढच्या वेळी त्यांच्याकडेच जा आणि मैत्रिणींना पाठव. ते काम करत असताना तिथे थांबून बघ, प्रश्न विचार. एका हंगामात तू स्वतः रनर बदलायला शिकशील. त्याची खरी गरज अशा मुक्कामी पडते जिथे जवळपास कुणीच काका नसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोंगर सगळ्यांचा आहे. इथल्या कितीतरी पिढ्या साध्या कॅनव्हासच्या हंटर बुटांवर आणि घरच्या स्वेटरवर सगळा सह्याद्री फिरल्या. कपड्यांच्या किमतीपायी कुणी पायथ्यालाच थांबावं हे मला सहन होत नाही. तुमच्या कॉलेजात गिर्यारोहणाचा गट आहे ना? त्यांना सांग, एक मोठी पेटी घ्या. प्रत्येकाच्या घरी बाबांचं, दादाचं, मावशीचं पडून राहिलेलं काहीतरी असतं, ते मागा. एका रविवारी सगळे मिळून वाटीभर पाण्याची परीक्षा घ्या, तुमच्याकडच्या चेनवाल्या काकांना मानधन देऊन बोलवा, धुवा, चिकटवा, शिवा. प्रत्येक वस्तूवर माप आणि दुरुस्तीची तारीख लिहा. जो ट्रेकला जाईल त्याने न्यावं, धुऊन परत करावं, नवं काही फाटलं तर चिठ्ठी लावून सांगावं. आणि ज्या दोघींनी नावं मागे घेतली आहेत, पेटीतली पहिली निवड त्यांची.

या रविवारी बाबांच्या जॅकेटपासून सुरुवात कर. रनरच्या पाठीवरचा आकडा मला कळव, त्या मापाचे चार रनर मी इथून पाठवते.

तुझी,
आत्या